विहिरीवरचं इंजिन हाताने फिरवून पाहा: इंजिन चालतं कसं, प्रकार किती आणि बिघाड शोधायचा कुठून

आमच्या विहिरीवरच्या इंजिनावर वर्षातले दहा महिने गोणपाट टाकलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आता बहुतेक विहिरींवर विजेची मोटर आहे, कुठे कुठे सोलरच्या प्लेटाही दिसतात. पण हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी आली आणि नेमकी तेव्हाच डीपी जळाली, की ते गोणपाट निघतं.

काही वर्षांपूर्वी असंच काढलं, तर इंजिन सुरूच होईना. तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याने येऊन पाहिलं आणि सांगून टाकलं, "रिंगा गेल्या. पिस्टन, लायनर सगळं बदलावं लागेल." (पिस्टन म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यात वर-खाली होणारा दट्ट्या, रिंगा म्हणजे त्याच्याभोवतीची कडी, लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर.) आकडा ऐकून बाबा धुऱ्यावर जाऊन बसले. संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी हँडल दोनदा सावकाश फिरवलं, मान हलवली, डिझेल फिल्टरवरचा एक स्क्रू ढिला केला, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू दिलं आणि स्क्रू आवळला. "तुह्या इंजनले कायी झालं नाही बाबू. नळीनं हवा घेतली होती." दहा मिनिटांत दांडाला पाणी लागलं.

मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? ते म्हणाले, "आधी हवा पाह्य, मंग तेल पाह्य, मंग आग पाह्य. चौथं कायी नसतेच." हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. वाचता वाचता जवळ एखादं बंद इंजिन असेल तर फारच बरं.

चूल आत की बाहेर

पूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे ज्यांनी जुन्या काळात पाहिली, त्यांना तिचं वाफेचं इंजिन आठवत असेल. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढत होतं. त्यात कोळसा एकीकडे जळायचा, त्यावर पाणी उकळायचं आणि ती वाफ नळीतून दुसरीकडे जाऊन पिस्टनला ढकलायची. म्हणजे चूल वेगळी आणि काम करणारा पिस्टन वेगळा. याला बाह्यज्वलन म्हणतात. १९९४ मध्ये शकुंतलेला डिझेल इंजिन जोडलं गेलं आणि चूल थेट पिस्टनच्या डोक्यावर आली. सिलिंडरमध्येच इंधन जळतं, जळताना वायू फुगतो आणि तोच पिस्टनला खाली रेटतो. हे अंतर्ज्वलन. पाणी उकळायचा वळसा वाचला, म्हणून इंजिन लहान झालं आणि तेवढ्याच इंधनात जास्त काम करू लागलं.

ही कल्पना सुचली लवकर, जमली उशिरा. लेन्वार नावाच्या माणसाने १८६० मध्ये पॅरिसला गॅसवर चालणारं इंजिन केलं. पण ते पेटवण्याआधी वायू दाबत नव्हतं, त्यामुळे इंधन फार खायचं आणि जोर कमी द्यायचा. १८७६ मध्ये जर्मनीत निकोलस ओटोने आधी दाबून मग पेटवणारं चार हालचालींचं, म्हणजे फोर-स्ट्रोक, इंजिन चालवून दाखवलं. ओटो काही शिकलेला इंजिनिअर नव्हता, गावोगाव फिरून माल विकणारा विक्रेता होता. आज आपल्या दारातली फटफटी त्याच्याच पद्धतीवर चालते.

पहिली पायरी: हँडल हातात घ्या

पुस्तकातल्या चित्रापेक्षा हे हाताने लवकर कळतं. विहिरीवरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन यासाठी उत्तम. सुरुवातीला तीन गोष्टी करा. डिझेलचा कॉक बंद करा. थांबवायचा लिव्हर बंदच्या जागी ओढून बांधून ठेवा. पंपाचा पट्टा असेल तर तो उतरवा. गळ्यातला दुपट्टा आणि ढगळ बाही दूर ठेवा, कारण फिरतं चाक कुणाचं ऐकत नाही. मग टॅपेटचं झाकण काढा. आत दोन व्हॉल्व आणि त्यांना वरून दाबणारे दोन दांडे दिसतील. एअर फिल्टरच्या बाजूचा तो हवा आत घेणारा, सायलेन्सरच्या बाजूचा तो धूर सोडणारा.

आता फ्लायव्हीलवर बाण दाखवतो त्या दिशेने चाक सावकाश फिरवा.

फिल्टरकडचा व्हॉल्व खाली दबला की समजा पिस्टन खाली चालला आहे आणि हवा आत येतेय. फिल्टरच्या तोंडावर तळहात धरला तर ओढ जाणवते. पिस्टन तळाला पोचल्यावर थोड्याच वेळात तो व्हॉल्व मिटतो.

पुढच्या अर्ध्या फेरीत दोन्ही व्हॉल्व बंद असतात आणि पिस्टन वर येतो. इथे चाक जड होतं. नुसतं जड नाही, स्प्रिंगसारखं उलटं ढकलतं. या उलट्या ढकलण्याला मिस्त्री लोक कम्प्रेशन म्हणतात, आणि त्या दिवशी मिस्त्रीकाकांनी हँडल दोनदा फिरवून तेच तपासलं होतं. रिंगा गेल्या असत्या तर हँडल लोण्यात फिरल्यासारखं फिरलं असतं.

टोक ओलांडलं की चाक आपोआप पुढे उसळतं. इंजिन चालू असतं तर याच ठिकाणी डिझेल पेटून पिस्टनला खाली मारलं असतं. चार हालचालींतली कमाईची ही एकच, बाकीच्या तीन खर्चाच्या.

पिस्टन तळाला पोचता पोचता सायलेन्सरकडचा व्हॉल्व दबतो आणि वर येणारा पिस्टन जळालेला धूर बाहेर फेकतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

घे, दाब, पेटव, फेक. या चार हालचालींत चाकाच्या बरोबर दोन फेऱ्या होतात, हे खडूने खूण करून मोजून पाहा. व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट मात्र तेवढ्यात एकदाच फिरतो, म्हणून त्याच्या गिअरला क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली होण्याने चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) गिअरपेक्षा दुप्पट दाते असतात. हे गिअर बसवताना त्यांच्यावरच्या खुणा जुळल्या नाहीत तर व्हॉल्व चुकीच्या वेळी उघडतो आणि इंजिन नवं असूनही चालत नाही. एक दात चुकला तरी पुरे होतो.

आणि तीन खर्चाच्या हालचालींत पिस्टनला वर-खाली कोण नेतं? ते अवजड फ्लायव्हील. एका मारात मिळालेला जोर ते साठवून ठेवतं. एका सिलिंडरच्या इंजिनाला एवढं मोठं चाक का, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा, त्याचं उत्तर एवढंच.

डिझेल पेटतं कशाने? ठिणगी तर कुठे दिसत नाही

सायकलीत हवा भरताना पंपाच्या बुडाला हात लावून पाहा, चटका बसतो. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन ही गोष्ट टोकाला नेतं. पाच हॉर्सपॉवरच्या एका प्रचलित इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर असते. म्हणजे ५५३ घनसेंटिमीटर, ज्याला आपण सीसी म्हणतो. त्यातला हवेचा साठा सुमारे १६.५ पट आकसून ३६ सीसीत, म्हणजे कटिंग चहाच्या अर्ध्या पेल्याएवढ्या जागेत, कोंबला जातो. तेवढ्याने हवा ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा धुक्यासारखा फवारा मारतं आणि तो स्वतःच पेट घेतो.

फवारा मारायला नोझलपाशी २०० बारच्या आसपास दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून एक गोष्ट जपा: नोझल बाहेर काढून फवारा तपासताना त्याच्यासमोर कधीही हात धरू नका. तो फवारा कातडीत सुईसारखा घुसतो. वरून टोचल्याएवढंच दिसतं, पण आत डिझेल गेलेलं असतं आणि बोट गमवायची पाळी येऊ शकते. असं झालं तर थेट दवाखाना गाठा, हळद लावून बसू नका.

आता थोडा हिशेब. हे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या घेतं. दोन फेऱ्यांना एक मार, म्हणजे मिनिटाला ७५० आणि तासाला ४५ हजार मार. पूर्ण भारावर तासाला साधारण लिटरभर डिझेल लागतं. भागाकार केला तर एका मारात जेमतेम अर्धा थेंब येतो. तो अर्धा थेंब मोजून, योग्य क्षणी, दर सेकंदाला साडेबारा वेळा देणाऱ्या पंपात आपण गाळणी न लावता कॅनमधून डिझेल ओततो. पंप आणि नोझल लवकर जातात ते यामुळेच. कॅनच्या तळाचं शेवटचं बोटभर डिझेल टाकीत ओतू नका, पाणी आणि गाळ तिथेच बसलेला असतो.

डिझेल इंजिनात हवा कमी-जास्त करायचं झाकण नसतं. हवा दरवेळी पूर्ण भरते आणि जोर वाढवायचा तर डिझेल वाढवायचं. हे काम गव्हर्नर करतो. त्यात फिरणारी दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात, वेग पडला की आत येतात आणि डिझेल वाढवतात. पंपाने पाणी ओढायला सुरुवात केली की इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो आणि पुन्हा भरतो, तो गव्हर्नरचा आवाज. डिझेल पंपाची दांडी अडकली तर मात्र इंजिन सुसाट सुटतं आणि लिव्हर ओढूनही थांबत नाही. अशा वेळी डिकम्प्रेशनचा (व्हॉल्व उघडा धरून कम्प्रेशन सोडणारा) लिव्हर उचला किंवा एअर फिल्टरच्या तोंडावर फळी दाबा. हवा तोडली की ते विझतंच. हात किंवा सैल फडकं लावू नका, आत ओढलं जातं.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं. त्या चाचणीत इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आली. तेव्हाच्या बहुतेक वाफेच्या इंजिनांना त्याच्या निम्मीही साधत नव्हती. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर त्याच्या पद्धतीचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवलं गेलं. हे वाचून कुणी घाणीवरचं करडईचं तेल टाकीत ओतू नये. ते घट्ट असतं, नोझलला कार्बन धरतं आणि आजच्या बारीक छिद्रांत बसत नाही.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या विहिरीवर 'ऑइल इंजिन' हा शब्द रुजला, त्यात १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा वाटा. दुसरं जुनं कूळ म्हणजे इंग्लंडच्या लिस्टरच्या नमुन्यावर राजकोटला बनणारी इंजिनं. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची, दोन भलीमोठी चाकं असलेली. त्यांची डुग-डुग दोन वावरं पलीकडून ओळखू यायची. हळू चालतात म्हणून झिजतातही हळू. मला स्वतःला हीच इंजिनं आवडतात, पण हलवायला बैलगाडी आणि चार माणसं लागतात हेही खरं.

फटफटीचं पेट्रोल इंजिन

चार हालचाली त्याच, फरक दोन. पेट्रोल लवकर उडतं, म्हणून ते हवेत आधीच मिसळून आत घेतलं जातं: वजनाने एका भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा. आणि पेटवायला स्पार्क प्लगची ठिणगी लागते. मिश्रण आधीच आत असल्यामुळे डिझेलइतकं दाबता येत नाही. फार दाबलं तर ठिणगीची आग पोचायच्या आधीच आपोआप पेटतं आणि चढावर इंजिन खणखणतं. म्हणून पेट्रोल इंजिन नऊ-दहा पटच दाबतं, सुटे भाग हलके ठेवता येतात आणि वेग जास्त घेता येतो. डिझेल जास्त दाबतं, म्हणून लोखंड जाड, वजन जास्त, पण त्याच इंधनातून काम जास्त. साधारणपणे पेट्रोल इंजिन २५ ते ३० टक्के ऊर्जा कामाला लावतं, डिझेल ३५ ते ४०. उरलेली सायलेन्सर आणि पाण्यावाटे जाते.

विदर्भातल्या निम्म्या गावांना वाहणाऱ्या स्प्लेंडरचा जुना सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद, धाव ४९.५ मिलिमीटर. सेंटिमीटरमध्ये त्रिज्येचा वर्ग, गुणिले ३.१४१६, गुणिले धाव केलं की ९७.२ सीसी येतात. दहावीतल्या पोराला हे गणित करायला लावा, घनफळाचा धडा कायमचा लक्षात राहील.

पूर्वी पेट्रोल-हवा मिसळायचं काम कार्बोरेटर करायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत त्याची जागा सेन्सर व इंजेक्टरने घेतली. गावातल्या मिस्त्रीचा स्क्रू-ड्रायव्हर तिथे पोचत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण सकाळच्या थंडीत चोक ओढून किका मारत बसणंही संपलं.

याच पद्धतीचं एक इंजिन आता दिसेनासं झालं: पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं छोटं पंप-इंजिन. रॉकेल थंडपणी उडत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर तापवायचं आणि मग कॉक फिरवायचा. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा.

फवारणी पंपाचं दोन हालचालींचं इंजिन

जुलै-ऑगस्टमध्ये पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या वावरात जे टर्रर्र ऐकू येतं, ते बहुतेकदा टू-स्ट्रोक. यात व्हॉल्व नसतातच. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन स्वतःच त्या झाकतो-उघडतो. पिस्टन वर जाताना डोक्यावरचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या क्रँकच्या डब्यात नवं मिश्रण ओढून घेतो. खाली येताना आधी धुराची खिडकी उघडते, मग बाजूची, आणि डब्यातलं नवं मिश्रण वर घुसून उरलेला धूर बाहेर लोटतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला एक मार, म्हणून पाठीवर घेता येईल एवढ्या वजनात चांगला जोर मिळतो. तोटा असा की धुराबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही बाहेर जातं. १९७२ मध्ये आलेली लूना आणि नंतरची आरएक्स १०० याच जातीच्या. धुराचे नियम कडक होत गेले तशा रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या.

या इंजिनात क्रँकचा डबा मिश्रण ओढायला वापरला जातो, त्यामुळे तिथे वेगळं ऑइल भरताच येत नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरला २० ते ४० मिली टू-टी ऑइल, नेमकं किती ते पंपावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. इथे दरवर्षी दोन उलट चुका होतात. कुणी घाईत नुसतं पेट्रोल टाकतो आणि तासाभरात पिस्टन जाम करून बसतो. आणि कुणी नव्या फोर-स्ट्रोक पंपात, ज्याला ऑइलची वेगळी टाकी असते, सवयीने ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकतो, मग प्लग काळा पडून इंजिन ठसकतं. पंप विकत आणला त्याच दिवशी त्यावर रंगाने 'मिसळायचं' किंवा 'नाही मिसळायचं' असं ठळक लिहा. आणि मिश्रण कॅनमध्ये हलवून करा, पंपाच्या टाकीत नाही.

ट्रॅक्टर, जीप आणि उरलेले प्रकार

एका सिलिंडरमध्ये ७२० अंशांच्या फिरण्यात एकच मार. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरमध्ये दर २४० अंशांना, चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना. मार जवळजवळ पडतात म्हणून धक्के कमी आणि फ्लायव्हील तुलनेने लहान. नांगरणीत इंजिन दबलं की हा फरक कळतो. चार सिलिंडर पेटायचा क्रम बहुतेक ठिकाणी १-३-४-२ असतो, ओळीने नाही, कारण ओळीने पेटले तर क्रँकवर ताण एकाच बाजूला येतो.

टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारा पंखा, जो जास्तीची हवा आत रेटतो. त्याच्या बेअरिंगला इंजिनाचंच ऑइल मिळतं, म्हणून भारावर चाललेली गाडी आल्या आल्या बंद करू नका, मिनिटभर सावकाश चालू द्या. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी, जिथे दाब हजार बारच्याही पुढे जातो. अशा इंजिनाची नळी चालू असताना ढिली करायची नाही, घरगुती उपाय इथे संपतात. सीएनजी आणि एलपीजीची इंजिनं पेट्रोलच्या कुळातली, ठिणगीची. याशिवाय पिस्टनऐवजी तिकोनी तुकडा फिरवणारं फेलिक्स वँकेलचं इंजिन आहे आणि विमानाचं जेटही अंतर्ज्वलनच आहे, पण त्यांची गाठ आपल्या वावरात पडत नाही.

उन्हाळा, पाणी आणि ऑइल

आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन इंजिनाला दोनदा मारतं. तापलेली हवा विरळ असते. १५ अंशांच्या सकाळपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी त्याच सिलिंडरमध्ये दहाएक टक्के हवा कमी मावते. त्यामुळे दुपारी थ्रेशरवर इंजिन काळं ओकायला लागलं तर ते आजारी असेलच असं नाही, खुराक कमी करा किंवा काम पहाटे घ्या. दुसरा मार गार करण्यावर.

विहिरीवरच्या बऱ्याच इंजिनांना रेडिएटर नसतो. पंपाच्याच नळीतून एक बारीक नळी इंजिनात सोडलेली असते, तिचं पाणी सिलिंडरभोवती फिरून पाटात पडतं. सोपं, पण पंपाने पाणी ओढणं सोडलं की इंजिनही तहानलेलं. विहिरीचं पाणी खोल जातं त्या दिवसांत माणूस जवळ बसायलाच हवा. बारीक नळीची धार थांबली की इंजिन बंद करायचं, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, तडा जातो. उलटी चूकही होते. कॉक पूर्ण उघडून थंडगार पाणी सोडलं की आपल्याला बरं वाटतं, इंजिनाला नाही. सिलिंडर फार गार राहिला तर डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो आणि लायनर लवकर झिजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बोट क्षणभर धरवेल, पण फार वेळ धरवणार नाही, एवढं गरम ते असावं. कॉक त्या हिशेबाने ठेवा.

छोट्या इंजिनांत ऑइल बरेचदा कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाची पळी उडवते. इंजिन तिरप्या जागेवर ठेवलं तर पळी ऑइलपर्यंत पोचतच नाही. म्हणून बसवताना पाणसळ लावा. पट्टी काढून पातळी रोज पाहा, आणि ती वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. डिझेलचा वास आला तर पंपातून डिझेल खाली गळतंय, रंग दुधाच्या चहासारखा झाला तर पाणी शिरलंय. दोन्हीत इंजिन चालवायचं नाही.

हवा ऑइलमधून गाळणाऱ्या ऑइल-बाथ फिल्टरमधलं ऑइल काळ्या मातीच्या धुळीने आठवड्यात चिखल होतं. थ्रेशरच्या दिवसांत रोज पाहा. मी सगळ्यात जास्त इंजिनं इथून मेलेली पाहिली आहेत.

सुरू होत नाही? मग याच क्रमाने जा

हवा: फिल्टर उघडून पाहा, गांधीलमाशीचं घरही निघू शकतं. मग हँडलने कम्प्रेशन तपासा. स्प्रिंगसारखं ढकलत असेल तर रिंगांचं नाव काढू देऊ नका. ढकलत नसेल तर हवा घ्यायच्या नळीतून चमचाभर, फक्त चमचाभर, इंजिन ऑइल सोडून दोन-तीनदा फिरवा. कम्प्रेशन परत आलं तर रिंगा किंवा लायनर झिजलेत, आलं नाही तर व्हॉल्व किंवा हेडखालचं गॅस्केट. हा एक प्रयोग गॅरेजमध्ये जायच्या आधी करून ठेवा.

तेल: टाकीत डिझेल आहे का, झाकणाचं हवेचं छिद्र उघडं आहे का. मग हवा काढा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला, बुडबुडे संपेपर्यंत वाहू द्या, आवळा. डिझेल पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट ढिला करून, तोंड दूर ठेवून, हँडल फिरवा. डिझेल उडायला लागलं की आवळा. आता हँडल फिरवताना नोझलमधून 'कर्र' असा आवाज आला पाहिजे. आला की फवारा पडतोय. टाकी रिकामी होऊ दिली की ही सगळी पूजा पुन्हा मांडावी लागते.

आग: डिझेलमध्ये आग म्हणजे कम्प्रेशन आणि वेळ. पहिली दोन्ही ठीक असतील तर पंपाचं टायमिंग पाहायला माणूस बोलवा. फटफटीत मात्र प्लग काढा, टोपीत बसवा, पेट्रोलपासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून किक मारा. निळी ठणठणीत ठिणगी हवी. प्लगचं टोक फिकं तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरं म्हणजे पेट्रोल कमी.

सुरू झाल्यावर धूर पाहा. काळा असेल तर हवा कमी, भार जास्त किंवा नोझल खराब. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा थंडीच्या सकाळी थोडा वेळ चालतो. तो थांबलाच नाही तर डिझेल न जळता जातंय किंवा पाणी आत शिरलंय.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला वेढा घालू नका. उलटा झटका बसला तर हात सुटतो, मनगट वाचतं. आणि पाऊस आला म्हणून इंजिन झोपडीत घेऊन दार लावून चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास देत नाही, माणूस मात्र झोपल्यासारखा जातो.

हरभरा निघाला की इंजिन ठेवून द्यायचं. सिलिंडरभोवतीचं पाणी सोडून द्या, जुनं ऑइल गरम असतानाच काढून नवं भरा, टाकी भरून ठेवा म्हणजे आत दव धरत नाही. चाक फिरवून दोन्ही व्हॉल्व बंद राहतील अशा जागी, म्हणजे हँडल जड लागतं तिथे, सोडा. सायलेन्सरच्या तोंडावर डालड्याचा रिकामा डबा पालथा घाला. आमच्याकडे एका वर्षी तो डबा काढायचा राहून गेला आणि पहिल्याच माराला तो शेजाऱ्याच्या तुरीत जाऊन पडला.